सेंट जॉर्ज ड्रॅगन्स : सलग ११ विजेतेपदं आणि ती मिळवणारी माणसं

लाल_व्ही
मुंबईच्या सलग १५ रणजी करंडकांच्या धाग्यावर (१९५८-५९ ते १९७२-७३) कुणीतरी विचारलं होतं, की इतकी लांब सद्दी दुसऱ्या कुठल्या खेळात चाललीय का. चाललीय, आणि जवळपास त्याच वर्षांत. सिडनीच्या सेंट जॉर्ज क्लबने रग्बी लीगमध्ये १९५६ ते १९६६ अशी ओळीने ११ विजेतेपदं घेतली. तिथे अवांतर वाढायला लागलं म्हणून हा वेगळा धागा.

आधी एक घोळ मिटवू. आपल्याकडे रग्बी म्हणजे बॉम्बे जिमखान्यावर पावसाळ्यात दिसते ती. ती युनियन, पंधरा जणांची. लीग तेरा जणांची. सामन्यापायी कामगारांचा रोज बुडतो तो भरून द्यायचा की नाही, या वादात १८९५ साली उत्तर इंग्लंडच्या क्लबांनी वेगळी चूल मांडली, तिथून लीग निघाली. सिडनीत तिची स्पर्धा १९०८ पासून.

सेंट जॉर्ज या स्पर्धेत १९२१ ला आला. शहराच्या दक्षिणेकडचा कोगारा, हर्स्टव्हिल, रॉकडेल, आर्नक्लिफ हा त्याचा मुलूख. पहिली वीस वर्षं हात रिकामेच. १९२७ चा अंतिम सामना साउथ सिडनीकडून गेला. १९३५ ला नवख्या कँटरबरीला ९१–६ असं धुतलं, पण त्या वर्षीचे विजेते ईस्टर्न सबर्ब्स. पहिलं विजेतेपद १९४१ ला (ईस्ट्सविरुद्ध ३१–१४), दुसरं १९४९ ला (साउथ्सविरुद्ध १९–१२). मधे १९४२, १९४६ आणि पुढे १९५३ चे अंतिम सामने हरले, त्यातला १९४६ चा बॅलमेनविरुद्ध १२–१३ असा एका गुणाने. थोडक्यात, १९५५ पर्यंत हा क्लब बरा होता, दादा नव्हता.

आता त्या ११ ग्रँड फायनल, म्हणजे अंतिम सामने. १९५६ बॅलमेन १८–१२, १९५७ मॅनली ३१–९, १९५८ वेस्ट्स (वेस्टर्न सबर्ब्स) २०–९, १९५९ मॅनली २०–०, १९६० ईस्ट्स ३१–६, १९६१ वेस्ट्स २२–०, १९६२ वेस्ट्स ९–६, १९६३ पुन्हा वेस्ट्स ८–३, १९६४ बॅलमेन ११–६, १९६५ साउथ्स १२–८, १९६६ बॅलमेन २३–४. यातल्या १९५९ च्या मोसमात ते एकही सामना हरले नाहीत.

हे आकडे नुसते वाचून पुढे जाऊ नका, बेरीज करा. ११ अंतिम सामन्यांत केलेले गुण २०५, दिलेले ६३. म्हणजे सामन्याला सहासुद्धा नाहीत. तेव्हा ट्रायला (चेंडू समोरच्यांच्या रेषेपलीकडे जमिनीला टेकवणं) ३ गुण आणि गोलला (लाथेने चेंडू खांबांमधून मारणं) २ होते. समोरच्याला दोन ट्रायही धड होऊ द्यायच्या नाहीत, असा हा हिशेब. बहुतेक लेखांत या संघातल्या गॅझनियरची धाव आणि लँगलँड्सचे साइडस्टेप असतात. माझं म्हणणं असं, की ही सद्दी पकडीवर आणि चेंडूच्या ताब्यावर उभी होती, चेंडू घेऊन धावणारे नंतर आले.

चढाईबाज
मस्त धागा. एक बेसिक शंका. जुन्या मॅचच्या वर्णनात 'अनलिमिटेड टॅकल' असं येतं. आजच्या लीगमध्ये सहा टॅकल झाले की चेंडू द्यावा लागतो. तेव्हा मर्यादाच नव्हती तर चेंडू दुसऱ्याकडे जायचा कसा?

स्क्रमशास्त्री
@चढाईबाज, प्रश्न मुद्द्याचा आहे. याचं उत्तर कळलं की सेंट जॉर्ज निम्मा कळतो.

गडी पकडला गेला की खेळ थांबतो. पकडलेला उठतो, चेंडू जमिनीवर ठेवतो आणि टाचेने मागे ढकलतो. मागे उभा असलेला तो उचलून पुढचा खेळ सुरू करतो. याला प्ले-द-बॉल म्हणतात. १९६६ पर्यंत सिडनीत हे कितीही वेळा करता येत असे. चेंडू हातून सुटला नाही, पुढे पडला नाही, बाहेर गेला नाही, तर दहा-बारा मिनिटंसुद्धा एकाच संघाकडे राहू शकायचा. समोरचे पकडी करून करून दमायचे.

ताबा बदलायच्या वाटा मोजक्या. एक, प्ले-द-बॉलच्या वेळी समोर उभा असलेला खेळाडू (मार्कर) पाय घालून चेंडू खेचू शकायचा. दोन, पेनल्टी. तीन, लाथेने चेंडू देऊन टाकणं, जे शहाणे संघ उगाच करत नसत. आणि चार, सगळ्यात महत्त्वाची, स्क्रम. चूक झाली, चेंडू रेषेबाहेर गेला, की स्क्रम, म्हणजे दोन्हीकडचे पुढचे गडी एकमेकांना भिडतात आणि मधे टाकलेल्या चेंडूसाठी रेटारेटी होते.

आजचा लीगमधला स्क्रम हा निव्वळ उपचार आहे. तेव्हा ती खरी झटापट होती. सहा विरुद्ध सहा. पुढच्या रांगेत मधे हुकर, दोन बाजूंना प्रॉप. हुकरचे दोन्ही हात प्रॉपच्या खांद्यांवर, त्यामुळे तो जवळजवळ लटकलेला असतो आणि पाय मोकळे. चेंडू बोगद्यात आला की ज्या हुकरचा पाय आधी पोचेल त्याचा ताबा. प्रॉप एक इंच खचला तरी हुकरचा कोन बिघडतो आणि पाय उशिरा पडतो. असे डझनांनी स्क्रम एका सामन्यात व्हायचे. त्यातले साठ टक्के जिंकणारा हुकर असेल तर समोरच्या संघाकडे खेळायला चेंडूच उरत नाही.

आता सेंट जॉर्जचं नेतृत्व बघा. केन कर्नी कर्णधार, आणि १९५७ ते १९६१ कर्णधार-प्रशिक्षक. जागा हुकर. नॉर्म प्रोव्हन १९६२ ते १९६५, सेकंड रो (स्क्रमची दुसरी रांग). इयन वॉल्श १९६६, हुकर. वॉल्श संघात आला १९६२ ला, म्हणजे कर्नीनंतर लगेच. हुकरची जागा एक मोसमही ओस पडू दिली नाही. हे आपोआप होत नाही.

(१९५६ चे प्रशिक्षक नॉर्म टिपिंग. त्यांचं नाव याद्यांमधून हमखास गळतं, कारण सगळे कर्नीपासून मोजतात.)

आळशी_कासव
म्हणजे नियमाच्या कृपेने जिंकले म्हणायचं. नियम बदलला, सद्दी संपली.

स्क्रमशास्त्री
नियम दहाही क्लबांना सारखाच होता हो. बाकीच्या नऊंनी ११ वर्षं काय केलं?

गोदाकाठ
कर्नीबद्दल अजून थोडं लिहायला हवं. आधी तो युनियन खेळायचा, ऑस्ट्रेलियाच्या वॉलबीज संघात होता. मग इंग्लंडला जाऊन लीड्सकडून लीग खेळला. तिथली लीग चिखलातली, जवळून खेळायची, आणि बचाव एका रेषेत पुढे सरकणारा. ते त्याने सिडनीत आणून रुजवलं. टोपणनाव 'किलर', यावरून काय ते समजा.

कबड्डी पाहणाऱ्याला हे पटकन कळेल. साखळीतला एक जण लवकर पुढे गेला किंवा मागे राहिला की फट पडते, आणि चढाई करणारा तिथूनच निसटतो. रग्बी लीगमध्येही तेच. बचाव करणारे एका रेषेत, एका वेगाने पुढे, आणि प्रत्येकाचा गडी ठरलेला. रेषेतला एक जण दुसऱ्याच्या गड्याकडे वळला की त्याचा स्वतःचा मोकळा सुटतो. दमल्यावर माणूस नेमकं हेच करतो. म्हणून कर्नीचा भर दमसासावर. अमर्याद टॅकलच्या खेळात शेवटच्या वीस मिनिटांत जो रेषा राखेल तो जिंकतो.

१९६१ च्या २२–० मध्ये हे दिसतंच. पण मला १९६२ आणि ६३ जास्त बोलके वाटतात. ९–६ आणि ८–३. हल्ला चालला नाही त्या दिवशीसुद्धा हरले नाहीत.

हिशेबनीस
सगळे खेळावर बोलताहेत, पैशावर कुणीच नाही. न्यू साउथ वेल्स राज्यात नोंदणीकृत क्लबांना पोकर मशिन ठेवायला कायद्याने परवानगी मिळाली ती १९५६ ला. नाणं टाका, दांडा ओढा, ती यंत्रं. सद्दी सुरू झाली ती १९५६ ला. योगायोग म्हणा हवं तर.

रग्बी क्लबाला जोडून लीग्ज क्लब असतो. जेवण, बार, यंत्रं, आणि नफा संघाकडे. फ्रँक फेसर सचिव होते, त्यांच्या काळात हे फार नेटकं चाललं. १९६३ ला नवी भव्य इमारत उभी राहिली, तिला लोकांनी नाव ठेवलं 'ताजमहाल'. हे नाव पुढे कायम चिकटलं.

आता संघ बघा. जॉनी रेपर आणि ब्रायन क्ले न्यूटाउनकडून आले. एडी लम्सडेन मॅनलीकडून. केव्हिन रायन युनियनमधून, तोही माजी वॉलबी. वॉल्श युगावरा नावाच्या गावातून, लँगलँड्स वुलनगाँगहून. हॅरी बाथ १९५७ ला आला तो इंग्लंडमध्ये बरीच वर्षं काढून. घरचे म्हणावेत असे मोठे दोन, प्रोव्हन आणि गॅझनियर. बाकी बाजारातून आणलेले. यात गैर काही नाही, पण 'मातीतले पोरगे' वगैरे भावुक होऊ नका.

लाल_व्ही
@हिशेबनीस, निम्मं मान्य. पैसा होता. पण यंत्रं इतर क्लबांनाही मिळाली, आणि सुरुवातीच्या तीन-चार विजयांच्या वेळी 'ताजमहाल' उभाही नव्हता. शिवाय वुलनगाँगमधला नेमका लँगलँड्स आणि युगावऱ्यातला नेमका वॉल्श हेरायला नजर लागते. पैसे टाकून भलतेच मोहरे घेणारे क्लब तेव्हाही होते.

आणखी एक, १९६३ ला पहिला संघ, राखीव संघ आणि तिसरा संघ, तिन्ही श्रेणींची विजेतेपदं सेंट जॉर्जकडे आली. एखादा जायबंदी झाला की खालून येणाराही जिंकायची सवय असलेला. पहिल्या तेरांवर पैसा ओतून ही खोली येत नाही.

अजून एक तपशील. १९५४ पासून ग्रँड फायनल सक्तीची झाली. त्याआधी गुणतक्त्यात पहिला आलेला संघ बाद फेरीत हरला तर त्याला पुन्हा आव्हान द्यायचा हक्क असे. सेंट जॉर्जच्या अकराही विजयांत शेवटचा सामना जिंकावाच लागलेला आहे.

डावखुरा
खेळाडूंवर या आता. धाग्याच्या नावात 'माणसं' आहेत.

गोदाकाठ
घ्या.

रेज गॅझनियर, सेंटर. १९५९ ला क्लबाच्या पहिल्या संघात आला आणि त्याच वर्षी कांगारू दौऱ्यावर (ऑस्ट्रेलियाच्या लीग संघाचा दौरा) इंग्लंडला गेला. स्विंटनच्या पहिल्या कसोटीत तीन ट्राय. त्याचं वैशिष्ट्य निव्वळ वेग नव्हे, वेगातला बदल. पकडणारा आपलं पाऊल त्याच्या वेगाला जुळवून टाकतो आणि नेमका त्याच क्षणी हा अजून एक झटका देतो, वर बाहेरच्या बाजूला झोक. पकडणाऱ्याच्या हाती हवा. दुखापतीमुळे १९६७ च्या दौऱ्यावरच त्याची कारकीर्द संपली, वय अठ्ठावीस.

जॉनी रेपर, लॉक. १९५९ ते १९६६ आठ विजेतेपदं. त्याच्याबद्दल जे लिहिलं जातं त्यात 'कव्हर डिफेन्स' हा शब्द सारखा येतो, तो जरा उलगडते. लॉक स्क्रमच्या अगदी मागे असतो. चेंडू समोरच्याने जिंकला आणि बाहेर विंगपर्यंत, म्हणजे मैदानाच्या कडेच्या खेळाडूपर्यंत पोचवला, तर लॉकने स्क्रममधून सुटून बचावाच्या रेषेमागून तिरकं धावत जायचं आणि विंगर कोपऱ्यात पोचायच्या आत त्याला गाठायचं. सरळ चेंडूकडे धावलं तर तो नेहमी पुढेच राहतो. विंगर कुठे असेल तिकडे धावावं लागतं. हा अंदाज रेपरइतका कुणाला आला नाही असं त्या काळचे सगळे म्हणतात. आणि तो एक पकड करून पडला की पुढच्या पकडीत पुन्हा हजर.

ग्रेम लँगलँड्स, 'चांगा'. १९६३ ला आला. फुलबॅक (सगळ्यात मागचा) आणि सेंटर दोन्ही, वर गोल मारणारा. ९ नोव्हेंबर १९६३, स्विंटन, ऑस्ट्रेलिया ५० ग्रेट ब्रिटन १२. त्यात लँगलँड्सचे २ ट्राय आणि ७ गोल, म्हणजे २० गुण. गॅझनियरच्या ३ ट्राय. कर्णधार वॉल्श. रेपरच्या नावावर बारापैकी नऊ ट्रायमध्ये हात असल्याचं श्रेय दिलं जातं. ताळा करा: १२ ट्रायचे ३६, ७ गोलांचे १४, बरोबर ५०.

विंगर जॉनी किंग १९६० ते १९६५ अशा ओळीने सहा ग्रँड फायनलमध्ये ट्राय करून बसलाय. ब्रायन क्ले, 'पॉपा', फाइव्ह-एट्थ, दिसायला खेळाडू वाटणार नाही असा, पण त्याची पकड म्हणजे भिंतीवर आपटणं. हाफबॅक बिली स्मिथ १९६३ ला आला तो १९७७ पर्यंत राहिला.

स्क्रमशास्त्री
हॅरी बाथ राहिला. १९५७ ची ग्रँड फायनल ३१–९. त्यात बाथचे ८ गोल. म्हणजे १६ गुण एकट्याचे, उरलेले १५ पाच ट्रायचे. तीन वर्षं खेळला, तिन्ही वर्षं विजेता. शेवटचा सामना १९५९ ची ग्रँड फायनल, आणि तीत मॅनलीच्या रेक्स मॉसॉपशी हाणामारी करून दोघेही मैदानाबाहेर. निरोप असाही असतो.

चढाईबाज
जुने फोटो बघताना गोंधळ होतोय. रेपरच्या पाठीवर ८ आहे. पण ८ नंबर तर प्रॉपचा ना?

स्क्रमशास्त्री
आजच्या क्रमांकांत हो. तेव्हा सिडनीत पुढची फळी उलट मोजत. १ ते ७ आजच्यासारखेच (फुलबॅक १, विंगर २ आणि ५, सेंटर ३ आणि ४, फाइव्ह-एट्थ ६, हाफबॅक ७). मग ८ लॉक, ९ आणि १० सेकंड रो, ११ आणि १३ प्रॉप, १२ हुकर. आज प्रॉप ८ आणि १०, हुकर ९, सेकंड रो ११ आणि १२, लॉक १३. जुनी फिल्म बघताना १२ नंबरवर नजर ठेवा, स्क्रम तोच जिंकून देतो. आजच्या सवयीने ९ शोधत बसलात तर सेकंड रोवाल्याला हुकर समजाल.

डावखुरा
आणि तो चिखलातला फोटो? धिप्पाड माणूस आणि त्याच्या छातीशी येणारा बुटका?

लाल_व्ही
२४ ऑगस्ट १९६३, सिडनी क्रिकेट ग्राउंड. धिप्पाड तो नॉर्म प्रोव्हन, सहा फूट चार इंच. बुटका वेस्ट्सचा कर्णधार आर्थर समन्स. फोटो जॉन ओग्रेडी यांचा. त्याला 'द ग्लॅडिएटर्स' म्हणतात.

चिखल इतका का, याचं उत्तर क्रिकेटवाल्यांना आवडेल. या मैदानाच्या मधोमध क्रिकेटची खेळपट्टी, आणि ती बनवायची बुली नावाच्या गावाजवळच्या चिकण, काळ्या मातीची. उन्हात ती दगडासारखी घट्ट होते, म्हणून फलंदाजीला चांगली. पावसात तिचा गाळ होतो आणि अंगाला लिंपल्यासारखी बसते. फोटोत दोघांच्या जर्सीचे रंगही ओळखू येत नाहीत ते त्यामुळे.

फोटोकडे बघून वाटतं, दोघे एकमेकांना शाबासकी देताहेत. तसं नव्हतं. समन्स नंतर सांगत असे, की प्रोव्हनने जर्सी बदलू या म्हटलं आणि त्याने नकार दिला, कारण तो निकालावर चिडलेला होता. वाद होता जॉनी किंगच्या ट्रायचा. पकड झाली म्हणून वेस्ट्सचे गडी थांबले, रेफ्री डार्सी लॉलर यांनी खेळ चालू ठेवला, किंग उठून धावला आणि ट्राय. वेस्ट्सची पीटर डायमंडची ट्राय नामंजूर झाली ते वेगळंच. ओळीने तीन वर्षं त्याच संघाकडून अंतिम सामना हरलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर तो फोटो टिपलाय हे लक्षात ठेवून पुन्हा बघा.

१९८२ ला करंडकासाठी हेच दृश्य कांस्यात घडवलं. आजच्या एनआरएल (ऑस्ट्रेलियातली रग्बी लीग स्पर्धा) करंडकावर तेच दोघे आहेत, आणि २०१३ पासून करंडकाचं नावच प्रोव्हन-समन्स.

प्रोव्हन हा माझ्या मते या संघाचा कणा. २५६ सामने, दहा ग्रँड फायनल, दहा विजय. १९६२ च्या अंतिम सामन्यात बेशुद्ध होऊन बाहेर नेला, उत्तरार्धात परत येऊन खेळला. (आजच्या डोक्याच्या दुखापतीच्या नियमांत हे चालणार नाही, आणि चालू नयेच.) शेवटचा सामना १९६५ ची ग्रँड फायनल, साउथ्सविरुद्ध. ७८,०५६ प्रेक्षक. आत मावेनात म्हणून लोक स्टँडच्या छपरांवर चढले होते.

आळशी_कासव
माझा जुना मुद्दा अजून तसाच आहे. १९६७ ला चार टॅकलचा नियम आला आणि १९६७ लाच हरले.

स्क्रमशास्त्री
हरले, पण कसे ते बघा. १९६७ च्या गुणतक्त्यात सेंट जॉर्जच पहिला होता. नव्या नियमातसुद्धा. मग बाद फेरीत साउथ्सकडून एक सामना गेला आणि पुढचा कँटरबरीकडून ११–१२. एक गुण.

त्या कँटरबरीचा कर्णधार-प्रशिक्षक कोण? केव्हिन रायन. १९६० ते १९६६ सात विजेतेपदं सेंट जॉर्जच्या प्रॉपच्या जागेवरून जिंकलेला माणूस. त्याला आतलं सगळं माहीत. घरका भेदी म्हणणार नाही, तो उघड उघड दुसऱ्या क्लबात गेला होता.

तिसरी गोष्ट कुणी बोलत नाही. १९६७ ला स्पर्धेत दोन नवे क्लब आले, पेनरिथ आणि क्रोनुला-सदरलँड. क्रोनुला कुठून निघाला? सेंट जॉर्जच्याच मुलखाचा दक्षिणेकडचा भाग तोडून. म्हणजे पोरं तयार करणारी निम्मी शेती गेली. आणि क्रोनुलाचा पहिला प्रशिक्षक केन कर्नी! एकाच वर्षी नियम बदलला, प्रदेश गेला, प्रॉप समोर उभा राहिला, आणि प्रोव्हन दोन वर्षांपूर्वीच थांबलेला.

नियमाचा परिणाम झाला हे खरं. चार टॅकलमध्ये स्क्रममधून मिळालेला चेंडू दहा मिनिटं धरून ठेवता येत नाही, त्यामुळे हुकरची किंमत उतरली. (चार फार घाईचे झाले, म्हणून १९७१ ला सहा केले.) पण तेवढ्याने ११–१२ चा हिशेब लागत नाही.

आळशी_कासव
ठीक. क्रोनुलाचं माहीत नव्हतं. मागे घेतो, पूर्ण नाही, पाऊण.

हिशेबनीस
पुढचं थोडक्यात, कारण नवे वाचक इथेच थांबतात आणि क्लब १९६६ ला मेला असं समजतात.

१९७१ ला साउथ्सकडून १०–१६. १९७५ ला ईस्ट्सकडून ०–३८, लँगलँड्सच्या पांढऱ्या बुटांचा तो सामना. दुखऱ्या जांघेसाठी घेतलेल्या इंजेक्शनने पायच बधिर झाला, आणि लोकांच्या लक्षात मात्र बूट राहिले. १९७७ ला पॅरामॅटाशी ९–९ बरोबरी, ग्रँड फायनलच्या इतिहासातली पहिली, आणि पुनर्सामन्यात २२–०. प्रशिक्षक तोच हॅरी बाथ, कोवळा संघ म्हणून 'बाथ्स बेब्ज' नाव पडलं. १९७९ ला कँटरबरीविरुद्ध १७–१३. मग १९८५, १९९२, १९९३, १९९६ अशा चार अंतिम सामन्यांत हार.

१९९८ च्या शेवटी इलावारा स्टीलर्सशी भागीदारी, १९९९ पासून सेंट जॉर्ज इलावारा. पहिल्याच वर्षी ग्रँड फायनल, १,०७,९९९ प्रेक्षक, मध्यंतराला १४–० पुढे, आणि मेलबर्नकडून १८–२० हार. शेवटी जेमी एन्सकफने ट्रायरेषेवर क्रेग स्मिथला मानेवर पकडलं, पेनल्टी ट्राय, आणि गोल थेट समोरून.

मोजताना चूक होते ती इथे. सेंट जॉर्जची विजेतेपदं १५ (१९४१, १९४९, ती ११, १९७७, १९७९). २०१० चं विजेतेपद सेंट जॉर्ज इलावाराचं, रूस्टर्सविरुद्ध ३२–८, प्रशिक्षक वेन बेनेट. ते १५ मध्ये मिळवून १६ लिहू नका. भागीदारी हा नवा क्लब आहे.

डावखुरा
'इमॉर्टल्स'मध्ये, म्हणजे ऑस्ट्रेलियन रग्बी लीगच्या सर्वोच्च सन्मानाच्या यादीत, यांचे किती?

गोदाकाठ
१९८१ च्या पहिल्या चौघांत दोन, गॅझनियर आणि रेपर. १९९९ ला लँगलँड्स. २०१८ ला प्रोव्हन, इतका उशीर का झाला हे मला कधीच कळलेलं नाही. त्याच वर्षी फ्रँक बर्ज. तो मुळात ग्लीब क्लबाचा, पण १९२७ ला, म्हणजे लाल_व्ही यांनी वर लिहिलेल्या त्या पहिल्या अंतिम सामन्याच्या वर्षी, सेंट जॉर्जचा कर्णधार-प्रशिक्षक होता. त्याला धरायचं की नाही तुम्ही ठरवा. मी धरते, पाच.

२०१० च्या अंतिम सामन्यातली पहिली ट्राय मार्क गॅझनियरची. रेजचा पुतण्या.

सिडनीतला_पाहुणा
सगळं उत्तम. एकच दुरुस्ती. कोगारा नाही, 'कॉगरा'. पहिल्या अक्षरावर जोर, बाकीची दोन घाईत. कोगारा म्हणालात तर स्टेशनवर समोरचा दोनदा विचारेल.

लाल_व्ही
धन्यवाद. मूळ लेखाला प्रतिसाद आल्यावर संपादन बंद होतं, त्यामुळे वर कोगाराच राहील. वाचताना कॉगरा वाचा.